डिकीतली नळी

आमची आत्या दर रविवारी साडेदहाला यायची आणि आधी गाडीला भेटायची. फाटक उघडलं की घराच्या दाराकडे न येता ती सरळ शेडखाली जायची, पिशवीतून हवा मोजायचं मीटर काढायची आणि एकेका चाकाशी उकिडवी बसायची. मागच्या डाव्या चाकापाशी तिच्या गुडघ्यांचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो, असं आई म्हणायची. अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. चारही चाकं झाली की हात धुऊन म्हणायची, "हं, आता द्या चहा." आम्ही चिडवायचो की आत्याचं सख्खं नातं गाडीशी, बाबा आपले सावत्र.

"कामाशिवाय कुणाच्या दारात जाऊ नये," असं ती वर आम्हालाच सुनवायची. हे तिचं जुनं पालुपद. सख्ख्या भावाचं दारही तिच्या लेखी कुणाचंतरी दारच होतं.

आत्याचं टायरचं दुकान होतं. नवरा गेला तेव्हा ती चाळिशीची होती, मूलबाळ नव्हतं. दुकान विकून मोकळी हो, असं घरातला प्रत्येक शहाणा तिला सांगत होता. शहाण्यांना तोटा कधीच नसतो. फक्त बाबांनी स्वतःची गाडी नेऊन तिच्या दुकानासमोर उभी केली आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बारके, चारही टायर उतरव. माझी बहीण खोटं काम करत नाही."

बारके हे बाबांनी लहानपणी ठेवलेलं नाव. ही बारकी पुढे ट्रकचं चाक एकटीने ढकलत न्यायची. पण त्या एका वाक्यावर तिने वीस वर्षं दुकान चालवलं, असं माझं मत आहे. कानामागे खडू खोचून ती पंक्चर शोधायची, टबातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुड्यांकडे बघत राहायची, आणि गिऱ्हाइकाने फार शंका काढल्या तर म्हणायची, "माझ्या दादाला विचारा जा."

आता दादाविषयी. बाबा नाकावर माशी बसू देणाऱ्यांतले नव्हेत. त्यांच्या गाडीच्या चाकांत सेन्सर होते. चाकाच्या आत, वॉल्व्हला जोडलेला काडेपेटीएवढा एक डबा. हवा कमी झाली की चालकापुढे पिवळा दिवा लावणारा. सहा वर्षांपूर्वी बाबांनी गाडी दुभाजकावर घातली. ("दुभाजक मध्ये आला," ही त्यांची आवृत्ती.) रिम वाकल्या. आत्याने कुठून तरी दुसऱ्या चार रिम शोधून आणल्या, पण जुने सेन्सर त्यांत बसेनात. दिवा लागला तो लागलाच. झालं! सकाळी फोन, "बारके, दिवा." संध्याकाळी फोन, "बारके, तो दिवा अजून आहे." शेवटी आत्याने एक दिवस गाडी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली. दिवा गायब. बाबा आठवडाभर शेजाऱ्यांना धरून धरून गाडीत बसवत होते आणि न लागलेला दिवा दाखवत होते.

त्याच आठवड्यापासून आत्याचे रविवार सुरू झाले. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

यंदा आत्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि तिचे पाच रविवार चुकले. त्याच सुमारास मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. बाबांनी गाडी मला द्यायचं ठरवलं, कारण त्यांच्या डोळ्यांवर आता दुभाजकांनीही विसंबावं असं राहिलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मी खोकी भरत होते, तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"गाडी घेऊन चाललीस म्हणे?"

"उद्या सकाळी. तीन तासांचा तर रस्ता."

"हवा बघितलीस?"

"दिवा कुठे लागलाय आत्या? म्हणजे ठीकच असणार."

पलीकडे तिने कुणाला तरी दुकानातला पंप बंद करायला सांगितलं.

"त्या दिव्याचं काही खरं नाही," ती म्हणाली. "तुमच्या शेडमधल्या फळीवर माझं जुनं मीटर आहे. आत्ता मोज. मी थांबते फोनवर."

मी मोजली. हवी होती बत्तीस पौंड. तीन चाकांत सत्तावीस-अठ्ठावीस होती. मागच्या डाव्या चाकात सतरा. बघताना चाक चांगलं टुमटुमीत दिसत होतं, आणि याच चाकावर मी पुस्तकांची चार खोकी लादून भरधाव जाणार होते.

"पंपाने भर," आत्या म्हणाली, "आणि दादाला घेऊन इकडे ये. सावकाश ये."

आम्ही पोचलो तेव्हा ती वॉकर धरून दुकानाच्या दारात उभी होती. तिने मला डिकी उघडायला लावली, सतरंजी उचलायला लावली. जादा चाकाशेजारी एक जाडजूड प्लॅस्टिकची नळी आडवी ठेवलेली होती. दोन्ही तोंडं बंद, एका टोकाला वॉल्व्ह.

"दादा, तुझे चारही सेन्सर ह्या नळीत आहेत," आत्या म्हणाली. "आत बत्तीस पौंड हवा भरलीय. गाडीला वाटतं, हीच चाकं."

बाबांनी नळी उचलून कानाशी हलवून पाहिली. "म्हणजे सहा वर्षं..."

"सहा वर्षं गाडी नळीची हवा बघतेय. चाकांची मी बघत होते. आता ही पोर लांब चालली, तिथे कोण बघणार?"

"दुसरा काही उपाय नव्हता?"

"तेव्हा नव्हता. आता कोरे सेन्सर मिळतात, असल्या रिमला बसणारे. जुन्याचा ओळख-नंबर त्यात उतरवायचा, गाडीला फरक कळत नाही."

"आता म्हणजे कधीपासून?"

आत्याचा हात उगाचच कानामागे खडू शोधायला गेला. "दोन वर्षं झाली. चार आणूनही ठेवलेत. कपाटात आहेत."

"मग बसवले का नाहीस?" बाबांचा आवाज चढला.

"बसवले असते तर रविवारी कशाला आले असते?"

मला माझीच लाज वाटली. सहा वर्षं आम्ही तिची टिंगल केली, पण गाडी राहू दे, आधी आत ये, असं एकदाही कुणी म्हणालं नव्हतं.

"माझी बहीण खोटं काम करत नाही, म्हणून सांगतोस ना," आत्या म्हणाली, "ते आता परत घे."

आत्याने खुर्चीत बसून हुकूम सोडले, तिच्या कारागिराने चाकं उतरवून मागच्या डाव्याचं पंक्चर काढलं आणि नवे सेन्सर बसवले. गाडी सुरू केल्यावर दिवा क्षणभर लागला आणि विझला. बाबांनी नळी काखेत मारली आणि गाडीत येऊन बसले. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "तीनशे रविवार ती उकिडवी बसली. मी आत पेपर वाचत होतो."

दुसऱ्या दिवशी मी गेले. पुढचं आईने फोनवर सांगितलं, महिन्याभराने, एका रविवारी दुपारी.

साडेदहाला आत्या काठी टेकत फाटकाशी आली. शेडमध्ये गाडी नाही. तिथेच थबकली. काय करावं हे तिला सुचेना. आईला पाहून म्हणाली, "इथून चालले होते वहिनी, म्हटलं..." आणि परत वळायला लागली.

तेवढ्यात बाबा शेडमधून आले. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हाताने त्यांची जुनी सायकल धरलेली. तिच्यावर ते दहा वर्षांत बसलेले नाहीत.

"बारके, हिची हवा बघ जरा. हिला दिवाबिवा नाही. दर आठवड्याला बघावी लागेल."

आत्या खुर्चीत बसली. तिने अंगठ्याने टायर दाबला, वॉल्व्हवरून बोट फिरवलं.

"ही गेलेली हवा नाही, दादा. सोडलेली आहे. टोपी कुठाय वॉल्व्हची?"

सकाळी आठला शेडमधून फुस्स असा आवाज आईनेही ऐकला होता. बाबांनी मुकाट्याने सदऱ्याच्या खिशातून टोपी काढून आत्याच्या हातावर ठेवली.

"हे खोटं काम झालं," आत्या म्हणाली.

"तुझ्याचकडून शिकलो," बाबा म्हणाले. "चल, आधी चहा. हवा नंतर."

सायकल तशीच भिंतीला टेकून राहिली, आई सांगत होती. आत्या तिला हात न लावता आत आली.