भाचीचं हृदय माझ्या हातात कशाला दिलं?

डोकं अजून तापलेलंच हाय, म्हणून लिहितोय.

माझ्या चार वर्षांच्या भाचीच्या हृदयात जन्मापासून दोष हाय. आज तिला आणि माझ्या बहिणीला, सुनीताला, धारूरहून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलतो. मी फक्त गाडी चालवायला.

डॉक्टरांनी भाचीच्या हृदयाचं हुबेहूब मॉडेल थ्रीडी प्रिंटरवर काढलं होतं. ऑपरेशन कसं करणार, ते त्याच्यावर दाखवतात. लई भारी गोष्ट हाय, मान्य. पण ते दिलं माझ्या हातात! छिद्र दाखवलं मला, ठिगळ कुठं लावणार ते सांगितलं मला. पोरगी खेळता खेळता कधी उकिडवी बसती, ओठ कधी निळे पडतात, हे जिला माहिती ती आई माझ्या मागं उभी.

तिनं विचारलं, "सर, पोरगी मोठी झाल्यावर ते ठिगळ पुरंल का?"

डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "यांना घरी गेल्यावर समजावून सांगा."

आणि मी? मान डोलावली!

येताना तेलगावला चहाला थांबलो. सुनीता हळूच म्हणाली, "दादा, ते हृदय लई जड होतं का रे?"

चार वर्षं पोरीला कडेवर वागवणारी बाई हे मला विचारती. आता राग नेमका कुणावर काढू, तुमीच सांगा.