रिकामी चौकट आणि लाल दिवा

चौक गावाच्या जरा पुढे, जुन्या हायवेपासून आत, एक हॅचरी आहे. अंडी उबवायच्या तीन मोठ्या मशिनी आणि एक कॉम्प्युटर. मालकाचा फोन आला तेव्हाच त्याच्या आवाजाची मला चीड आली. अंड्यांच्या दोन खेपा थंड पडून वाया गेल्या होत्या. दोन्ही वेळा सकाळी तापमानाच्या जागी शून्य होतं, आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईनंच ते केलं असं त्यानं ठरवूनही टाकलं होतं. तिसऱ्यांदा झालं तर तिला काढणार होता. मी कॉम्प्युटरचे प्रोग्राम दुरुस्त करते, तर मी तेवढं दाखवून द्यायचं. मी म्हटलं, येते, पण मी पोलीस नाही.

कर्जतहून स्कूटरनं गेले. ती बाई कडावची, चाळिशीची. अंड्यांचे ट्रे फिरवताना माझ्याकडे बघतही नव्हती. शेवटी एवढंच म्हणाली, "ताई, मी त्याला हात पन लावला नाय. पर माजं कोन ऐकनार?"

प्रोग्राम कुणीतरी लिहून निघून गेलेला. पडद्यावर एक तक्ता, दर मशीनची एक ओळ. चौकटीत तापमान लिहिलं की ते थेट मशीनला जायचं. धास्ती होती ती याचीच. आत अंडी, मशीन चालू, आणि माझं बोट चुकलं तर खापर तिच्यावरच फुटणार. धोक्याचा भोंगाही त्याच आकड्याशी ताडून वाजायचा. आकडाच शून्य, तर तो वाजणार कशाला?

दुपारभर काही सापडलं नाही. मालक दर थोड्या वेळानं येऊन "काय मॅडम, तीच ना?" विचारून जायचा. मी उत्तर देणं सोडून दिलं.

संध्याकाळी त्याचे वडील आले. हॅचरी त्यांनीच सुरू केलेली. आता डोळ्यांना कमी दिसतं, पण जेवायच्या आधी आकडा बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एरवी ती बाई घरी गेल्यावर यायचे. मी खुर्ची दिली. कधीमधी ओळीवरून नजर घसरली की ते आकड्यावर दोनदा क्लिक करायचे; आजही केलं. चौकटीला जाड कड आली, आत साडेसदतीस दिसत होतं. "बराबर हाय," म्हणत त्यांनी शेजारी क्लिक केलं आणि ते उठले.

पडदा मिनिटाभरानं ताजा व्हायचा. तो झाला आणि आकड्याच्या जागी शून्य आलं. मशीन तापत असल्याचा लाल दिवा विझला.

मी खुर्चीत आदळलेच. साडेसदतीस टाइप केलं, तर खालचं शून्य वर डोकावून सगळा काला झाला. काय लिहिलंय तेच कळेना. अंदाजानं एंटर दाबलं. दिवा लागेपर्यंत मी मशीनकडेच बघत होते.

मग उलगडलं. लिहायची चौकट रिकामी उघडायची, पण ती पारदर्शक होती, म्हणून मागचा जुना आकडा तिच्यातून दिसायचा. बघणाऱ्याला वाटे, आहे तसंच आहे. चौकटीबाहेर क्लिक केलं की ते रिकामंपण शून्य म्हणून मशीनला जायचं.

मी हे सांगत होते तेव्हा मालक, त्याचे वडील आणि ती बाई, तिघंही तिथंच होते. म्हातारबांनी चष्मा काढला. "म्हंजे दोनी टायमाला मीच?"

 मालक तिच्याकडे न बघताच म्हणाला, झालं ते झालं, उद्या नेहमीसारखी ये. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

कॉम्प्युटरकडून मशीनला जाणारी वायर काढून मी दुरुस्ती केली. चौकटीला पांढरी पार्श्वभूमी दिली, उघडताच जुना आकडा आत येईल असं केलं, आणि काही बदललं नसेल तर मशीनला काहीच जाऊ नये याची सोय केली. वायर परत जोडली. म्हातारबा दारात उभे होते, हात मागे बांधून. ते आत येईनात.

बाईनं डबा पिशवीत भरला, पण निघाली नाही. "बाबा, आकडा बगा."

"नको गं."

"बगा. आन रोज माज्यासमोर बगायचा, मी हाय तवर. मागनं नाय."

त्यांनी आत येऊन आकड्यावर दोनदा क्लिक केलं, वाचलं आणि शेजारी क्लिक केलं. ती पडद्याकडे बघत उभी राहिली, पडदा ताजा होईपर्यंत. आकडा तसाच होता. मग तिनं मशीनच्या लागलेल्या लाल दिव्याकडे बघितलं आणि पिशवी उचलली.