गुडघ्याखालची उशी

सुमित्राबाई पाठराबे यांचा उजवा गुडघा नोव्हेंबरात बदलला आणि त्यांच्या धाकट्या जावेचा, शारदाबाईंचा, जानेवारीत. दोघींची घरं साकेत नगरच्या एकाच गल्लीत, मध्ये तीन घरं सोडून. सासरे छप्पन्न साली नागपूरहून कचेरीच्या फायलींबरोबर भोपाळला आले, आणि त्यांच्या दोन मुलांनी इथेच घरं बांधली. थोरले गोपीनाथराव म्हणजे सुमित्राबाईंचे यजमान, धाकटे नरहरराव शारदाबाईंचे.

सुमित्राबाईंनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केली. हुशार बाई, कामाची. पण मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक गोळा व्हायचे ते शारदाभोवती. शारदाने कधी नोकरी केली नाही, पण पंचेचाळिसाव्या वर्षी लिंबू-चमचा शर्यतीत पोरीबाळींना मागे टाकलं होतं. गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं होईपर्यंत ती मांडी घालून ताठ बसायची, आणि सुमित्राबाई मागे खुर्चीवर. कोणी काही बोलायचं नाही, पण सुमित्राबाईंना ती खुर्ची टोचायची.

त्यामुळे शारदाचेही गुडघे गेले असं कळलं तेव्हा सुमित्राबाई वरवर हळहळल्या, आणि आत कुठेतरी त्यांना बरं वाटलं. निदान या एका बाबतीत तरी त्या पुढे होत्या. शारदा फोन करून विचारायची, "ताई, टाके काढताना दुखतं का हो?" आणि त्या सविस्तर सांगायच्या.

दोघींकडे व्यायाम घ्यायला श्रुती यायची. मिसरोदला राहणारी, तिशीची, स्कूटीवरून येऊन आधी हात धुणारी मुलगी. तिच्या पिशवीत दोन पट्ट्यांचा प्लास्टिकचा कोनमापक असायचा. एक पट्टी मांडीला धरायची, दुसरी नडगीला, आणि पाय किती वाकला ते अंशांत सांगायची. दहा आठवडे झाले तरी सुमित्राबाईंचा आकडा पंच्याण्णवच्या पुढे सरकत नव्हता. शारदा तिसऱ्याच आठवड्यात एकशे पाचवर गेली.

"काकू, असं काय करता, सर्वांचं शरीर सारखं नसतं," श्रुती म्हणाली. "आणि तुमचा पाय पूर्ण सरळ होतो, झीरोवर. ते सर्वात मोठं आहे."

"सरळ तर काठीही असते," सुमित्राबाई म्हणाल्या.

त्या रागाने त्यांनी दोन दिवस दुप्पट व्यायाम केला. पाय ओढून ओढून वाकवला. तिसऱ्या दिवशी गुडघा कोहळ्यासारखा सुजला आणि पंच्याण्णवाचे अठ्ठ्याऐंशी झाले. श्रुतीने बर्फ लावला आणि खाटेच्या कडेला बसली.

"बघा, सांधा नवा बसवला, पण तो हलवणारे स्नायू जुनेच आहेत. मांडीचा हा पुढचा स्नायू वाटीवरून खाली जाऊन नडगीला जोडलेला असतो. रहाटावरून दोर जावा तसा. गुडघ्याची वाटी म्हणजे तो रहाट, तिच्यामुळे कमी जोरात पाय उचलला जातो. गुडघा सुजला की हा स्नायू सुस्त पडतो. मग जिद्द करून काय होणार?"

"आणि सरळ होण्याचं एवढं काय कौतुक?"

"पाय सरळ असला की हाडावर हाड नीट उभं राहतं, स्नायूला फार काम पडत नाही. वाकलेल्या गुडघ्यावर उभे राहून बघा, मांडी थरथरायला लागेल. तसं दिवसभर चालायचं म्हटलं तर माणूस लंगडणारच. म्हणून तर पहिल्या दिवशी सांगितलं, उशी ठेवायची तर टाचेखाली. गुडघ्याखाली कधीच नाही. बरं वाटतं, पण मागचे स्नायू आणि सांध्याची पिशवी तशीच आखडून बसते."

पुढच्या आठवड्यात श्रुतीच्या भावाचं लग्न होतं. ती बारा दिवस सुट्टीवर निघाली आणि जाताना सुमित्राबाईंना म्हणाली, "शारदाकाकूंकडे जरा चक्कर टाकत जा. तुम्हाला सर्व माहीत आहे."

दुसऱ्याच दुपारी त्या काठी टेकत शारदाकडे गेल्या. दारातच शेजारच्या सक्सेनाबाई भेटल्या. "आपकी देवरानी तो कमाल हैं! देखना, आपसे पहले दौड़ेंगी." सुमित्राबाई हसल्या. हसताना जबडा दुखला.

आत शारदा पलंगावर पडली होती. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याखाली फुलाफुलांच्या अभ्र्याची जाड, मऊ उशी होती. पाय तिच्यावर छान बाक घेऊन विसावला होता.

"स्वरदाने ठेवली," शारदा म्हणाली. स्वरदा म्हणजे तिची सून, अरेरा कॉलोनीतल्या शाळेत शिकवणारी. "इतकं बरं वाटतं, काय सांगू! झोपसुद्धा लागते. आणि काल मी मोजलं, ताई, टाच जवळजवळ खुर्चीखाली जाते."

सुमित्राबाईंच्या ओठांवर शब्द आले होते. दोनच शब्द पुरले असते: उशी काढ. त्यांनी पाणी मागितलं, पाणी प्यायल्या, मंडळाच्या निवडणुकीबद्दल बोलल्या आणि घरी आल्या.

त्यानंतर त्या चारदा तिथे गेल्या. चारही वेळा उशी होती. पहिल्यांदा त्यांनी स्वतःला समजावलं की श्रुतीने शारदालाही सांगितलंच असेल. दुसऱ्यांदा म्हणाल्या, मी कोण डॉक्टर? तिसऱ्यांदा कारण शोधलंच नाही. चौथ्यांदा शारदा स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली तेव्हा तिचं पाऊल किंचित अडखळताना त्यांना दिसलं, आणि त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या.

श्रुती परतली त्या दिवशी सुमित्राबाई शारदाकडेच होत्या. श्रुतीने आधी वाकवून मोजलं. "एकशे बारा, एकदम बढिया!" मग पाय सरळ करायला सांगितला. पट्ट्या लावल्या, पुन्हा लावल्या. गुडघ्यामागे तिचा हात सहज शिरत होता.

"हे कसं झालं? चौदा अंश कमी आहेत. जाताना पाच होते. काकू, गुडघ्याखाली काही ठेवता का?"

"उशी ठेवतो ना," स्वरदा म्हणाली. "आईंना आराम पडतो."

"अरे देवा. मी पहिल्याच दिवशी बोलले होते." पण पहिल्या दिवशी शारदा औषधांच्या गुंगीत होती आणि स्वरदा शाळेत.

चौदा हा आकडा ऐकून सुमित्राबाईंच्या अंगातून एक गोड शिरशिरी गेली. ती त्यांना स्पष्ट कळली. कळली म्हणूनच पुढच्या क्षणी त्यांना स्वतःची किळस आली.

तेवढ्यात नरहरराव सुनेवर उखडले. "शिकलेली मुलगी तू. एवढं विचारता येत नाही?" स्वरदाचे डोळे भरून आले. "चुकलं माझं," ती पुटपुटली.

आता गप्प राहिलं असतं तर कोणाला कधीच कळलं नसतं.

"तिचं नाही चुकलं," सुमित्राबाई म्हणाल्या. "मला ठाऊक होतं. चार-पाचदा ती उशी बघितली मी, आणि बोलले नाही."

"विसरला असाल, वहिनी," नरहरराव म्हणाले.

"विसरले नाही. शारदाचा पाय माझ्यापेक्षा जास्त वाकतो, ते मला सहन होत नव्हतं."

श्रुती उगीचच कोनमापक पुसत राहिली. शारदाने उशी उचलली, पलंगाच्या पलीकडे टाकली, आणि म्हणाली, "विसरले म्हणाला असतात तर मी मानलं असतं, ताई. आता मी काय करू याचं?"

सुमित्राबाई घरी आल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आठ दिवस त्यांना दारातूनच परत यावं लागलं. "आई झोपल्यात," स्वरदा सांगायची, आणि आतून शारदाचा आवाज ऐकू यायचा. नवव्या दिवशी आतूनच हाक आली, "येऊ दे त्यांना. कोणीतरी हात लावायला हवाच, ह्यांना दाबवत नाही."

व्यायाम साधा पण कठीण होता. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघा अधांतरी, आणि मांडी आवळून तो खाली पलंगाकडे दाबायचा. दहा आकडे धरायचं, दिवसातून चार वेळा. सुमित्राबाई शेजारी बसून मांडीवर हात ठेवायच्या, स्नायू आवळला की नाही ते बघायला, आणि आकडे मोजायच्या. शारदा ओठ चावायची. पहिले कित्येक दिवस आकड्यांशिवाय दोघींत काही बोलणं झालं नाही. एकदा दुखणं असह्य झालं तेव्हा शारदा ओरडली, "हळू मोजताय मुद्दाम!" सुमित्राबाई म्हणाल्या, "नाही. घड्याळ समोर ठेव हवं तर." शारदाने खरोखरच घड्याळ समोर ठेवलं.

एप्रिलच्या अखेरीस चौदाचे चार झाले. श्रुती म्हणाली, बहुधा एवढंच राहील. शारदा आता चालते, बाजारात जाते, पण दमली की तिचं उजवं पाऊल थोडं आखूड पडतं. बघणाऱ्याला कळणार नाही, सुमित्राबाईंना कळतं.

शारदाचा पाय आता एकशे अठरापर्यंत वाकतो. परवा ती अंगणातल्या ठेंगण्या पायरीवर सहज टेकली आणि गवार मोडायला लागली. सुमित्राबाई खुर्चीवर होत्या. जुना ओळखीचा हेवा जागा झालाच, गेली चाळीस वर्षं होतो तसा.

"खुर्ची पुढे घ्या, ताई," शारदा म्हणाली. "अर्धी गवार तुमच्याकडे."

सुमित्राबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि परात मांडीवर घेतली.