फुकटची सात प्रकरणं

“साहेब, तुमच्या पुस्तकात मी सुटतो का हो?” सोपानमामांनी विचारलं.

कुरुळीतल्या त्यांच्या मेसमध्ये आम्ही दोघंच होतो. जेवणाची वेळ होती आणि बाकडी रिकामी होती.

“सुटता, मामा. शेवटच्या प्रकरणात. खून तुम्ही केलेलाच नसतो.”

“मंग ते पोरायला सांगा की. डबा उघडून मलाच म्हणायलेत, आधी तुम्ही खा.”

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि रहस्यकथा लिहितो. रहस्यकथेत एक चकवा लागतो. म्हणजे असा माणूस, ज्याच्यावर वाचकाने संशय घ्यावा आणि जो शेवटी निर्दोष निघावा. माझ्या पहिल्या दोन पुस्तकांतले चकवे लंगडे पडले होते. तिसऱ्यात मी परभणीहून आलेल्या सोपानमामांनाच उचललं. शिफ्टच्या पोरांचे डबे भरताना ते झाकण लावण्याआधी प्रत्येक डब्याचा वास घेत. काही आंबलेलं जाऊ नये म्हणून. माझ्या कादंबरीत डब्यातून विष जातं आणि वास घेणारा मेसवाला संशयित ठरतो. पुढे त्याच सवयीमुळे तो खरा खुनी पकडून देतो. मी नाव बदललं, गाव मात्र कुरुळीच ठेवलं. मामांना विचारलं नाही.

प्रमोशनसाठी प्रकाशकाने पहिली सात प्रकरणं मोबाइलवर फुकट वाटली. ‘खुनी कोण? ओळखा’ अशी स्पर्धा लावली. कुरुळीतल्या पोरांनी मामांना लगेच ओळखलं. पुस्तक विकत घेऊन शेवटपर्यंत जाणारे थोडेच. आधी नुसती थट्टा होती, “मामा, आज डाळीत काय टाकलंय राव?” मग नव्याने आलेली पोरं दुसरीकडे डबा लावू लागली. त्यांच्यामागे जुनीही गेली.

मेसमधून बाहेर पडून मी प्रकाशकाला फोन केला. “शेवटचं प्रकरणही फुकट टाकू या.”

“सर, शेवट फुटला तर विकायचं काय? स्पर्धेचा निकाल लागू द्या. आणि चर्चा चाललीय, ते चांगलंच आहे की!”

मी बरं म्हणालो. ती चर्चा मलाही हवी होती. पहिल्यांदाच अनोळखी माणसं माझ्या पुस्तकाबद्दल बोलत होती. परत आत जाऊन मामांना म्हटलं, “थोडं थांबा.”

“मी थांबतो, साहेब. मळलेलं पीठ थांबत न्हाई.”

निकालानंतर शेवटचं प्रकरण टाकलं. ते फारसं कुणी उघडलं नाही. मग मी एकेका पोराला गाठून सांगू लागलो, अरे, ते सगळं मी मनाने रचलं होतं. एकजण हसून म्हणाला, “आता म्हणताय, सर. आधी तर लई भारी पटवलं होतं.”

मामांनी मेस बंद केली. आता ते एका कँटीनच्या ठेकेदाराकडे भाजी निवडतात. वाढायला उभं राहायचं काम त्यांनी स्वतःच नको म्हणून सांगितलं.

नवीन लिहिणाऱ्यांना मी एवढंच सांगतो : जो माणूस शेवटच्या पानावर सुटणार आहे, त्याची पहिली पानं फुकट वाटू नका. माझ्या चौथ्या पुस्तकातला चकवा मी कुणालाही न उचलता रचला. वाचक कळवतात, तो पहिल्या पानापासूनच निर्दोष वाटतो.