ॲव्हरेज बघून घेतलेलं रॉकेट

आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडाल आणि नाव माझं घ्याल! हा किस्सा मी कुणालाच सांगणार नव्हतो. पण खलीलभाई बेकरीवाल्यांनी तो निम्म्या उदगीरला सांगून टाकलाय. मग लपवून तरी काय उपयोग?

मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि विकतो. बावीस वर्षं हेच करत आलोय. या धंद्यानं मला एकच गोष्ट शिकवली, कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. पाटीवर पाच हॉर्सपॉवर लिहिलंय? मी तीन धरतो. मोटार कोरी करकरीत आहे म्हणता? मी आधी स्क्रूवर पेचकसाचे ओरखडे शोधतो. बायको म्हणते, सूर्य उगवला तरी तुम्ही म्हणाल, कालचाच रंग मारून आणलाय.

त्या रविवारी दुपारी खलीलभाई दुकानात आले. नांदेडहून नवी मोटार आणून त्यांनी बेकरीच्या बोरमध्ये सोडली होती, आणि वर पाण्याचा थेंब येत नव्हता.

"लई पाणी फेकती म्हणले, म्हणून घेतली अप्पा."

"फेकती ना, पण उथळ विहिरीतनं! तुमचा बोर तीनशे फूट. कुठं चालवायची ते न बघता मोटार घेतेत का कुणी?"

आणि मी भिंतीकडं बोट केलं. तिथं माझ्याच हातानं, लाल रंगात लिहिलेली पाटी आहे : 'आधी खोली सांगा, मग मोटार मागा.' खलीलभाई मान खाली घालून बसले. मला फार बरं वाटलं.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझी मुलगी गौरी बसली होती. अकरावीला आहे, लातूरला होस्टेलवर असते, सुट्टीला आली होती. आल्यापासून एकच गेम! रॉकेट जोडायचं, उडवायचं, चंद्रावर न्यायचं. लोकांची पोरं लातूरला डॉक्टर व्हायला जातात, आणि आमची चंद्रावर निघालेली. हिला डॉक्टर व्हायचंच नाही, असा मला आठ दिवसांपासून वास येत होता.

"गौरे, बंद कर ते. नुसता टाइमपास हाय."

"टाइमपास नाही पप्पा. यात फिजिक्स आहे."

"मला शिकवती का? इंजिन म्हणजे इंजिन. हयात गेली माझी मोटारीत!"

ती सावकाश वळली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, नाही का?

"मग इंजिनं तुम्ही निवडा. बाकीचं मी जोडते. रॉकेट चंद्राला गेलं तर गेम आत्ता डिलीट करते. नाही गेलं, तर बारावी होईपर्यंत सुट्टीला आले की रोज एक तास खेळणार, आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"खलीलभाई, तुम्ही साक्षीदार!" मी खुर्ची ओढली.

समोर इंजिनांची ही लांब यादी. मी सरळ विचारलं, "ॲव्हरेज कुणाचं जास्त?" आपल्याकडं गाडी घेताना दुसरं काही विचारतात का?

"हा आकडा बघा. जेवढा मोठा, तेवढं कमी इंधनात जास्त काम."

पण आकडे दोन होते! एक हवेतला, एक पोकळीतला. माझे कान उभे राहिले. एका मालाला दोन आकडे म्हणजे एक नक्की खोटा. त्यात एक बारकं इंजिन होतं. पोकळीत त्याचा आकडा सगळ्यांत मोठा, हवेत मात्र अगदीच रडका. शेजारी एक धिप्पाड इंजिन, नुसतं तेल पिणारं.

"कळली लबाडी!" मी मांडीवर थाप मारली. "मोठं इंजिन खपावं म्हणून कंपनीनं बारक्याला बदनाम केलंय."

"कोणती कंपनी? पप्पा, गेम आहे हा. एकदा नीट वाचा, जमिनीवरनं उठताना..."

"मला फितवू नको! तुला गेम वाचवायचाय. खाली लाव, वर लाव, सगळीकडं हेच बारकं लाव."

तिनं लावलं. उलटी मोजणी झाली, बुडातून जाळ निघाला, धूर झाला. आणि रॉकेट? जागच्या जागी! तसूभर हललं नाही.

"व्होल्टेज कमी असंल," मी म्हणालो.

हो, म्हणालो! नुसतं म्हणालो नाही, ड्रॉवरमधून मीटर काढून कॉम्प्युटरच्या मागच्या प्लगला लावलासुद्धा. दोनशे तीस. एकदम चोख.

"तू खालून बांधून ठेवलंय का?"

गौरीनं दोन्ही हात वर केले.

खलीलभाई चष्मा सावरत उठून आले. "अप्पा, तेल तर बसल्या जागी संपून राहिलं."

टाकी संपत आली तसं रॉकेट हलकं झालं, वीतभर उचललं गेलं, डुललं आणि आडवं पडलं. हे माझं ॲव्हरेज!

"पप्पा," गौरी हळूच म्हणाली, "ते इंजिन वरचं आहे, जिथं हवा नसते तिथलं. तिथं त्याच्या तोडीचं कुणी नाही. पण जमिनीवरनं उचलायला ते धिप्पाडच लागतं. आकडे दोन्ही खरे होते. कुठं चालवायचं, तेच तुम्ही बघितलं नाही."

खलीलभाईंनी मान वळवली आणि भिंतीवरची पाटी मोठ्यानं वाचली, एकेक अक्षर सुटं करून. मी पंख्याकडं बघत बसलो.

लाज तर वाटलीच. पण खरं सांगू? जे कळायला मला अर्धं आयुष्य आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या लागल्या, ते या पोरीला अकरावीत कळलं होतं. लाजेपेक्षा अभिमानच जास्त वाटला. गेम राहिला, आणि मीही शब्दाला जागलो. आता सुट्टीला आली की ती खेळते आणि मी तोंड मिटून शेजारी बसतो.

खलीलभाईंना मी बोरला चालेल अशी दुसरी मोटार काढून दिली. ती रिक्षात चढवता चढवता ते थांबले. मोटारीवरची पाटी वाचली, स्क्रू निरखले, आणि मग माझ्याकडं बघितलं. अगदी मी लोकांकडं बघतो तसं!

"राग मानू नका अप्पा. पण ही बोरमधीच चालती ना? का चंद्रावर न्यावी लागंल?"