बर्फातली शिट्टी
राहुरीच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं रोज सकाळी एक म्हातारे गृहस्थ येतात. रेल्वेत रुळांच्या देखभालीवर आयुष्य काढून रिटायर झालेले. नाव मी विचारलं नाही. असल्या चौकशा मी करत नाही. त्यांना इंटरनेटवरून एकच गोष्ट हवी असते: इंग्रजांच्या देशातल्या जुन्या रेल्वेच्या, बर्फ हटवणाऱ्या नांगरांचे फोटो. इंजिनापुढं लावलेलं ते लोखंडी पातं रुळांवरचा बर्फ दोन्ही अंगांना उडवत जायचं.

प्रिंट हातात आली की ते नांगराकडं बघतच नाहीत. बोट रुळांच्या कडेकडेनं फिरवत पुटपुटतात, "झेंडीवाला कुटं उभा हाय?"

रुळांवर गँग काम करत असताना लांब उभं राहायचं आणि गाडी दिसली की शिट्टी मारायची, हे झेंडीवाल्याचं काम. नोकरीत ते त्यांचंच होतं.

"आमची सगळी रीत इंग्रजांचीच. त्यांनी बर्फात कसं केलं, ते बगायचंय."

मला वाटायचं, म्हाताऱ्याला छंद लागलाय. त्यांचा मुलगा झेंडीवाल्याच्याच कामावर काश्मीरला गेलाय, हे फार उशिरा कळलं.

काल त्यांनी विचारलं, "बर्फात शिट्टी ऐकू येती का हो?"

मी शोधलं. ताजा बर्फ आवाज गिळून टाकतो, असं इंग्रजीत लिहिलं होतं. त्यांचं बोट टेबलाच्या कडेवरून फिरत होतं.

"येते की," मी म्हणालो.

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग तेवढं छापून द्या. पोराला पाठवतो."

"कागद संपलाय."

"आना की. मी थांबतो," म्हणत ते बाकावर बसले.