टच बंद केला, स्क्रीनही गेली

लॅपटॉपला कुणाचाच हात लागला नव्हता. तरी कॅल्क्युलेटर उघडला, बंद झाला. मग कॅमेरा चालू झाला आणि त्यात मी, मीरा आणि तिची आई असे तिघं वाकून बघताना दिसलो.

“हॅक झालाय का, मामा?” मीरानं विचारलं.

“न्हाई. फुटलाय.”

पाटोद्यात माझं लॅपटॉप आणि प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. मीरा जवळच्याच खेड्यातली. आदल्या दिवशी तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणाऱ्या एका कंपनीला मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारं माणूस हवं होतं. इंटरव्ह्यू सुरू झाला आणि कॉल आपोआप कट झाला. तिनं परत जोडला, परत कट. तिसऱ्यांदा जोडल्यावर समोरच्या बाई म्हणाल्या, “तुम्हाला इंटरेस्ट नसेल तर तसं सांगा.” मीरानं हातापाया पडून दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घेतली. ती वेळ होती दुपारी बाराची. माझ्या दुकानात साडेदहा वाजले होते.

“कशानं फुटला?”

“करडानं पाय दिला,” तिची आई म्हणाली. “लई वांड हाय ते. उडी मारली अन् नेमकी त्याच्यावरच.”

खालच्या कोपऱ्यातून एक बारीक तडा वर गेला होता. टचस्क्रीनचं असं असतं: खाली चित्र दाखवणारा पॅनल आणि त्याच्यावर बोट ओळखणारी काच. काचेला तडा गेला की तिला भास होतात. बोट नसताना ती ‘इथं बोट लागलं’ असं कळवत राहते. आम्ही त्याला घोस्ट टच म्हणतो. मीराचे कॉल या भुतानं कट केले होते.

उपाय सोपा. सेटिंगमध्ये जाऊन टच बंद करायचा. स्क्रीन मग साध्या लॅपटॉपसारखी चालते. बाण सारखा पळत होता, त्यामुळं दहा मिनिटं गेली, पण टच बंद झाला. बाण शांत उभा राहिला. मीराच्या आईनं कपाळाला हात लावून नमस्कार केला.

मी इथंच थांबायला पाहिजे होतं.

पण माझ्या डोक्यात आलं, ऐन इंटरव्ह्यूत परत चालू झाला तर? त्यापेक्षा टचची केबलच काढून टाकू. जुन्या मॉडेलमध्ये ती वेगळी असते. मी लॅपटॉप बंद केला, कडेची पट्टी उचकटली, पॅनलच्या मागची चपटी केबल ओढली. चालू केला. टच नाही. चित्रही नाही. या मॉडेलमध्ये दोन्हींना मिळून एकच केबल होती. परत लावायला गेलो, तर तिला धरून ठेवणारी बारकी खिटी माझ्याच नखाखाली तुटलेली.

सव्वाअकरा झाले होते.

“काय झालं?” मीरानं विचारलं.

“माझ्याकडनं चूक झाली. स्क्रीन आज लागत न्हाई.”

ती रडली नाही, चिडलीही नाही. नुसती म्हणाली, “बाकीचं चालू हाय का?”

हा प्रश्न खरं तर मला सुचायला हवा होता. बाकीचं सगळं चालू होतं. कॅमेऱ्याची वायर वेगळी होती. फक्त बघायला दुसरा पडदा हवा होता, आणि तो शेजारच्या शिवलिंगअप्पांच्या साडीच्या दुकानात भिंतीवर टांगलेला होता. अप्पा त्यावर क्रिकेट बघत बसले होते.

“अप्पा, टीव्ही पायजे तासभर.”

“कशाला? मॅच चालू हाय.”

मी सांगितलं. त्यांनी रिमोट माझ्याकडं दिला आणि गादीवरच्या साड्या बाजूला सारल्या.

टीव्हीची केबल लॅपटॉपला जोडली. टीव्हीवर लॅपटॉपचं चित्र आलं. लॅपटॉप टीव्हीच्या बरोबर खाली स्टुलावर ठेवला, म्हणजे मीरा टीव्हीकडं बघेल तेव्हा समोरच्यांना ती त्यांच्याकडंच बघतेय असं वाटेल. बाराला पाच कमी असताना कॉल लागला. आवाज टीव्हीतूनच येत होता. तो बदलत बसायची माझी हिंमत झाली नाही. एक यंत्र मी एका दिवसात एवढंच बिघडवतो.

साड्या बघायला आलेल्या दोन बायका टीव्हीकडं बघू लागल्या. पडद्यावर एक मराठी बाई आणि एक कानडी गृहस्थ. ते गृहस्थ एकदम मोठ्या आवाजात मीरावर ओरडायलाच लागले. मी घाबरलो. अप्पांची सासुरवाडी बिदरकडची, त्यांना कानडी कळतं. ते माझ्या कानात म्हणाले, “परीक्षा हाय ती. तो चिडलेला शेतकरी झालाय. म्हणतो, तुमी सांगितलेलं औषध मारलं अन् मिरची जळली.”

मीरानं त्यांना पूर्ण ओरडू दिलं. मग शांतपणे विचारलं, “ऊट आयता?”

“जेवलात का, विचारती,” अप्पा हसले.

टीव्हीवरचे गृहस्थही हसले. मग औषध किती पाण्यात कालवलं, ऊन केव्हा होतं, असं तिनं एकेक विचारलं; अप्पा मला सांगत होते.

मराठी बाईंनी विचारलं, “कानडी कुठं शिकलात?”

“ऊसतोडीला,” मीरा म्हणाली. “आईबाबांसंगं चार वर्षं बेळगावकडं होते. तिथल्या पोरींसंगं खेळून शिकले.”

तिची आई माझ्या शेजारीच उभी होती. हळूच म्हणाली, “आमी तर म्हणत होतो, त्या चार वर्षांत हिची शाळा बुडाली.” आणि पदर तोंडाला लावून ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

आठ दिवसांनी मीराचा फोन आला. नोकरी लागली होती, घरूनच काम. तोवर मी छत्रपती संभाजीनगरहून पॅनल आणि केबल मागवून बसवून दिली होती. अर्थात माझ्या खर्चानं.

आता दुकानात लॅपटॉप आला की बिघाड नंतर विचारतो. आधी विचारतो, काम कधी आहे? आज आहे म्हटलं, तर जेवढं चालतंय तेवढ्यावर भागवतो आणि स्क्रूड्रायव्हरला हात लावत नाही.